दाढ काढली तरी

थोरली बहीण गेली तेव्हा एकोणसाठ वर्षं चार महिन्यांची होती. सोनेरीबाईंना तिथवर पोहोचायला अकरा महिने उरले होते.

हे गणित त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. पण ते रोज सुटायचं. दात घासताना, दाराला कुलूप लावताना, कुणाशी हसून बोलत असताना मध्येच. अकरा महिने. मग साडेदहा.

सोनेरी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कामावरून पडलं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्या एकच काम करत आल्या. पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरं उमटवायची. पितळी खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, तापवायचा, वर्खाची पट्टी धरायची, खिळा नेमका टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. अक्षर तिरकं गेलं तर पुसता येत नाही. बांधून झालेलं पुस्तक फुकट जातं. कारखान्याचा मालक म्हणायचा, "चूक करायची असेल तर आधी मला विचारून करा." गेल्या नऊ वर्षांत त्यांनी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

बहिणीला त्या ताई म्हणत. ताई कधी आजारी नव्हती. दवाखान्याची पायरी चढली ती दोन बाळंतपणांना. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. ताईचं मुंगीच्या पावलांनी आलं असावं, कारण कुणाला चाहूल लागली नाही. एका सकाळी चादरींच्या घड्या घालता घालता ती पलंगावर बसली आणि आडवी झाली. तिच्या मुलीला वाटलं, आई दमली. झोपू दे.

सोनेरीबाईंना त्यानंतर स्वतःचं हृदय ऐकू यायला लागलं. उशीवर डावा कान टेकला की धडधड. कूस बदलली तरी धडधड. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ऐकू येतंय हे बरंच आहे की. ऐकू येईनासं झालं तर काळजी."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. आता दुकान बंद झालं होतं, पण खिडकीपाशी टेबल होतं आणि डोळ्याला लावायचं भिंग होतं. जगातली कुठलीही गोष्ट त्याला घड्याळावरून समजायची.

*

सोनेरीबाईंची पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली होती. सुटले बाई एकदाची, म्हणून त्यांनी त्या दिवशी शिवणवालीला स्वतःच्या पैशाने चहा पाजला होता. शिवणवाली म्हणजे शेजारच्या टेबलावर छापील पानांचे फर्मे शिवणारी, त्यांची कारखान्यातली सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघी तेव्हा पोट धरून हसल्या होत्या. त्या पाळीबरोबर आणखी काय गेलं, हे अकरा वर्षं कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

सांगितलं ते डॉक्टरीणबाईंनी. स्वतःच्या मुलीच्या हट्टापायी सोनेरीबाई तपासणीला गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला.

"रक्तदाब वाढलाय. रक्तातली चरबी वाढलीय. हाडं विरळ व्हायला लागलीत. दोन गोळ्या लिहून देते. आणि वजनं उचलायला लागा."

"मी चालते की रोज."

"चालणं चालू ठेवा. पण नुसतं चालून स्नायूंना आणि हाडांना पुरेसं काम मिळत नाही. उचला, ढकला, ओढा. आठवड्यातून दोनदा, शिकवणाऱ्या माणसासमोर."

"या वयात?"

"याच वयात. पाळी असते तोवर शरीर बाईच्या हृदयाची थोडीफार राखण करत असतं. ती राखण आता नाही. पुढची तुम्ही करायची."

राखण नाही, एवढंच सोनेरीबाईंना ऐकू आलं.

घरी नवऱ्याने भिंग कपाळावर सरकवलं.

"वजनं? अगं, हृदयाला चावी एकदाच दिलेली असते. ठोके ठरलेले. तू ते उधळायला निघालीस."

"डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"त्या उद्या विहिरीत उडी मार म्हणतील. ही विषाची परीक्षा आहे. बघ बाई, मी सांगितलं नाही असं नको."

मुलगी म्हणाली, "बाबा, हृदय म्हणजे गजराचं घड्याळ नाही."

"मग काय आहे?"

सोनेरीबाईंनी त्या रात्री नवऱ्याचं म्हणणं अर्धं मानलं आणि डॉक्टरीणबाईंचं अर्धं. म्हणजे त्या जाणार होत्या, पण जीव मुठीत धरून.

*

वर्ग दवाखान्याच्या मागच्या खोलीत भरायचा. एका भिंतीला आरसा, निळ्या सतरंज्या, अकरा खुर्च्या, अकरा बायका. सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. शिकवणारी तिशीची, दंडांनी पैलवान, आवाजाने शाळेतली बाई. म्हणून तिचं नाव मास्तरीण.

मास्तरीण रोज सुरुवातीला एकच प्रश्न विचारायची. "कुणाला काही सांगायचंय? दुखतंय, धाप, चक्कर, काहीही?"

सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "नाही."

पहिल्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेली एक बाई असायची. ती म्हणायची, "नवऱ्याबद्दल चालेल का?"

"त्यांना पण घेऊन या. खांद्यावर घेऊन बैठका मारू."

हसण्यात प्रश्न वाहून जायचा. सोनेरीबाईंना ते बरंच वाटायचं. कारण त्यांना सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतं.

पहिल्याच दिवशी दोन्ही हातांत दोन-दोन किलो घेऊन त्या खुर्चीतून उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कानात शिट्टी वाजली. हृदय घशात आलं. झालं, त्यांना वाटलं. एवढंच होतं. मग हळूहळू आरसा परत दिसायला लागला, त्यात दहा बायका उठत-बसत होत्या आणि अकरावी पांढरीफटक उभी होती.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. घरी विचारलं तर "छान चाललंय" म्हणायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय त्यांना नव्हती, पण लागली. अंधारी आली असं बोलून दाखवलं की वर्ग बंद होणार, नवरा बोट नाचवून "मी म्हटलं नव्हतं का" म्हणणार. आणि तिसरी गोष्ट होती. बोललं की ते खरं होतं. न बोललेलं दुखणं अजून कच्चं असतं.

चौथ्या आठवड्यात मास्तरीण त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मावशी, एकदा उठा बघू."

सोनेरीबाई उठल्या.

"श्वास कुठं ठेवलात?"

"काय?"

"उठायच्या आधी घेतलात तो. सोडलातच नाही. बसलात तेव्हा सोडलात. परत उठा. बघा, परत कोंडला."

सोनेरीबाईंना लक्षात यायला वेळ लागला. खिळा टेकवताना श्वास हलला तर हात हलतो. म्हणून तो रोखायचा. दाबेपर्यंत, उचलेपर्यंत. एकतीस वर्षं, दिवसाला चारशे-पाचशे अक्षरं. नेमकं काही करायचं म्हटलं की श्वास आपसूक आत जाऊन दार लावून घ्यायचा. इतका गुपचूप, की छातीही हलत नसे. महिनाभर मास्तरणीलाही कळलं नव्हतं.

"श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो," मास्तरीण म्हणाली, "आणि सोडला की धाडकन उतरतो. म्हणून अंधारी. येत होती ना?"

"थोडीशी."

"थोडीशी? आणि मी रोज घसा फोडून विचारते ते काय?" मग तिचा आवाज खाली आला. "आता मोठ्याने मोजायचं. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही."

त्यांनी मोजलं. एक, दोन, तीन, अगदी बारापर्यंत. आरसा जागच्या जागी राहिला.

सुंठीवाचून खोकला गेला. त्या दिवशी त्या घरी जाताना रस्त्यात एकट्याच हसल्या. हृदय ठीक होतं. चूक श्वासाची होती. घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला आडवंतिडवं सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "बघ, अडलेलं चाक होतं. तेल मिळालं." त्यालाही हायसं वाटलं असावं, कारण त्या संध्याकाळी भांडी त्याने घासली.

*

चूक झाली ती इथे. कारण एक उत्तर सापडलं की माणूस ते सगळ्या प्रश्नांना लावतो.

कारखाना दुसऱ्या मजल्यावर होता. छापून आलेल्या कागदांचे गठ्ठे खाली उतरायचे आणि ते वर न्यायचं काम ज्याचं त्याने करायचं. चोवीस पायऱ्या. वर्गाला तीन महिने झाले तसे सोनेरीबाईंना गठ्ठे हलके वाटायला लागले. पूर्वी गठ्ठा उचलताना कंबर कुरकुरायची, आता नाही. दाबयंत्राचा दांडा त्या एका हाताने फिरवायला लागल्या. शिवणवाली म्हणाली, "काय गं, कुस्तीला उतरणार आहेस का?"

"आधी तुलाच चीतपट करीन."

मांड्या घट्ट झाल्या होत्या. दंडाला आकार आला होता. वर्गात दोनाचे चार किलो झाले होते, उठबशा बाराच्या पंधरा. रक्तदाबही उतरला होता. सगळं वर चाललं होतं.

फक्त जिन्यावर दाढ दुखायची.

डावीकडची, खालची, मागची. गठ्ठा घेऊन निम्म्यावर आलं की तिथे जडपणा यायचा, जबड्यापासून कानापर्यंत, कुणी चिमट्यात धरावं तसा. कधी पाठीतही, दोन खांद्यांच्या मध्ये. वर पोहोचून टेकलं की मिनिट-दोन मिनिटांत गेलेला. जाणाऱ्या दुखण्याला कोण विचारतं? तरी त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्याने आरसा घालून बघितलं. दाढ जुनीच होती, पोखरलेली होती. दुखते म्हणताय तर काढू, म्हणाला. जिन्यावर दुखते हे त्यांनी सांगितलं नाही. दाढेला जिना काय आणि सपाट जमीन काय.

दाढ काढली. आठवड्याने सूज उतरली. मग जिन्यावर ती पुन्हा दुखली.

रिकाम्या जागेत काय दुखतं? त्यांनी जिभेने चाचपून बघितलं. हिरडी गुळगुळीत होती. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. श्वास. गठ्ठा उचलला की मी श्वास कोंडत असणार. जबडा आवळत असणार. मास्तरणीचा उपाय आहे की.

म्हणून त्या जिन्यावर मोठ्याने मोजायला लागल्या. एक पायरी, एक आकडा.

"जिन्याला पाढे शिकवतेस का?" शिवणवाली वरून ओरडली.

"तुझ्यापेक्षा लवकर शिकेल."

पहिल्या दिवशी आकडे चोविसापर्यंत गेले. दुसऱ्या आठवड्यात एकोणिसाव्या पायरीवर तोंडातून आकडा निघेना. हवा होती, आकडा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात सोळा. त्यांनी अर्धाच गठ्ठा घेऊन बघितलं. चौदा.

वर्गात त्याच आठवड्यात त्या पाच किलोंवर गेल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सोनेरीबाई टाळ्यांमध्ये हसत उभ्या होत्या आणि आतून गार पडल्या होत्या. इथे आकडा चढतोय आणि तिथे उतरतोय. अंग तेच. दोन्ही खरं कसं असेल? पूर्वी त्या म्हणाल्या असत्या, वय झालं, दमणारच. आता तसं म्हणायची सोय राहिली नव्हती. पाय दमले नव्हते. कंबर दमली नव्हती. पाय पुढे जायला तयार होते आणि कुणीतरी दुसरंच मागे ओढत होतं.

तरी त्या बोलल्या नाहीत. बहिणीच्या वयाला तेव्हा सहा महिने आणि काही दिवस उरले होते.

*

मंगळवारी त्या नवव्या पायरीवर बसल्या. हातात काहीही नव्हतं. नुसती पर्स होती. जबडा धरून बसल्या. कपाळावर घाम होता आणि जिन्यात गारवा होता.

शिवणवाली खाली येत होती. थांबली.

"काय गं? दाढ काढली तरी ठणकतेच?" आणि नेहमीसारखी, प्रेमाने म्हणाली, "सगळेच काढून टाक. कवळी शोभेल तुला."

सोनेरीबाईंनी तिच्याकडे बघितलं.

हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी ते फोनवर म्हटलं होतं. ताई जायच्या आधी महिनाभर. ताई तेव्हा म्हणाली होती, बाजारातून पिशव्या घेऊन आलं की डावीकडचे दात ठणकतात बघ, आणि बसलं की थांबतात. आणि त्या म्हणाल्या होत्या, सगळेच काढून टाक, कवळी शोभेल तुला. दोघी खूप हसल्या होत्या. मग पडद्यांच्या कापडाबद्दल बोलल्या होत्या.

चाहूल लागली होती. त्यांनाच लागली होती. त्यांनी तिच्यावर विनोद केला होता.

"अगं, रागावलीस का?" शिवणवालीने विचारलं.

"नाही गं. जा तू."

मंगळवार गेला. बुधवार गेला. लिफ्ट नव्हती, म्हणून बुधवारी त्या जिना तीन टप्प्यांत चढल्या, आणि प्रत्येक टप्प्यावर चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक केलं. गुरुवारी 'दुसरा खंड' मधला 'रा' तिरका गेला. मालकाने ते पुस्तक नुसतं बाजूला ठेवलं. तेच त्यांना जास्त लागलं. घरी त्या फोन उचलायच्या आणि ठेवायच्या. मुलीला सांगावं तर ती कामावर रडत बसेल. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणेल, उधळलेस ठोके. आणि त्याचंच खरं असलं तर? वजनं उचलूनच हे झालं असलं तर? तोंडाला कुलूप आणि किल्ली आपल्याच हातात. ते कुलूप उघडायला चार दिवस लागले.

शनिवारी मास्तरणीने विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

"नाही," सगळ्या म्हणाल्या. सोनेरीबाईंचे ओठही तसेच हलले. सवयीने.

मग त्या म्हणाल्या, "माझं आहे."

खोली वळली.

"दाढ दुखते."

बँकेतली बाई म्हणाली, "अहो, काढलीत ना ती?"

"हो. नसलेली दुखते."

दोघी-तिघी हसल्या. मास्तरीण हसली नाही.

"कधी दुखते?"

"जिन्यावर."

"थांबलं की?"

"थांबते."

"पाठीत काही?"

"कधीकधी. खांद्यांच्या मध्ये."

"किती दिवस?"

"दोन महिने. आता नवव्या पायरीवरच येते."

मास्तरणीने हातातली वजनं खाली ठेवली. आवाज होऊ न देता ठेवली. "मावशी, तुम्ही इथं बसा. आज उचलायचं नाही. चालायचंही नाही." आणि बाकीच्यांना म्हणाली, "आज वर्ग नाही. जरा हवा येऊ द्या." मग ती दवाखान्याच्या पुढच्या बाजूला धावत गेली. तिला धावताना कुणी बघितलं नव्हतं. सोनेरीबाईंच्या काळजाचं पाणी झालं ते त्या धावण्याने. दुखण्याने नाही.

*

इस्पितळात त्यांना झोपवून छातीला वायरी लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली. सरळ होती. रक्त तपासलं. तेही ठीक निघालं.

नवऱ्याचा श्वास मोठ्याने सुटला. "बघ. घड्याळ बरोबर चाललंय."

"बाबा, गप्प बसा," मुलगी म्हणाली. ती कामाच्या कपड्यांत तशीच आली होती.

"झोपलेलं हृदय ठीक आहे," तिथला डॉक्टर म्हणाला. "यांचं दुखणं चढावर येतं. चढावर घेऊन बघू. उद्या सकाळी. मी समोर उभा असेन."

सकाळी त्यांना सरकत्या पट्ट्यावर उभं केलं. पट्टा हलला, त्या चालू लागल्या. मग पट्ट्याची पुढची बाजू थोडी उचलली गेली. मग वेग वाढला. शेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती.

"काहीही वाटलं तर लगेच सांगायचं," डॉक्टर म्हणाला. "सांगितलंत तरच मला कळेल."

काचेपलीकडे नवरा उभा होता. त्याने भिंग कपाळावरून काढायचं विसरून तसंच ठेवलं होतं.

पाचव्या मिनिटाला ते आलं. जबड्यात, बारीक. सोनेरीबाई चालत राहिल्या. इतकं बारीक आहे, त्यांना वाटलं, की जमून जाईल. अजून दोन मिनिटं काढली तर हा माणूस म्हणेल, सगळं ठीक आहे. कागदावर तसं लिहील. घरी जाऊ. नवरा भांडी घासेल. पाय तर मजबूत होते, पायांना अजून खूप चालता आलं असतं.

ताईला कुणी विचारलं नव्हतं. तिने तर आपणहून सांगितलं होतं.

"आलं," सोनेरीबाई म्हणाल्या. आवाज फुटला नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने, "आलं! आलंय!"

डॉक्टर पडद्याकडे बघतच होता. त्याने पट्टा थांबवला. त्यांना आधार देऊन बसवलं, जिभेखाली गोळी ठेवली. हिरवी रेघ वाकली होती. त्यातलं कळत नसूनही त्यांना ते कळलं.

दुपारी रंग सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघितल्या; त्यातल्या मधल्या नळीत अडथळा होता. दोन दिवसांत नळी उघडून आत जाळी बसवायचं ठरलं. डॉक्टर हे सांगत होता तेव्हा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. सोनेरीबाईंनी चार दिवस गिळलेला प्रश्न विचारला.

"वजनं उचलली म्हणून झालं का हे?"

"नाही. हे कित्येक वर्षांचं आहे."

"मग वर्गात का नाही दुखलं?"

"वर्गात पंधरा वेळा उचलता आणि टेकता. जिना टेकू देत नाही." तो पुढे म्हणाला, "उलट एक सांगतो. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही जिन्यावर थांबला असता तर काय म्हणाला असता?"

"पाय दमले."

"बरोबर. अशा पुष्कळ बायका येतात माझ्याकडे. म्हणजे आणतात त्यांना. पाय दमले, वय झालं, दाढ दुखते, झोप झाली नाही. छातीत कळ आली असं म्हणणाऱ्या त्यांच्यात कमीच असतात. तुमचे पाय दमले नाहीत, म्हणून तुम्हाला शंका आली."

सोनेरीबाईंनी मान हलवली. त्यांना दिलासा वाटायला हवा होता. त्यांना फक्त ताईचे पाय आठवले. बारीक होते. ती नेहमी म्हणायची, दमले गं.

*

जाळी बसली. सगळं नीट झालं. चौथ्या दिवशी त्या घरी आल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी भाचीला, ताईच्या मुलीला, फोन केला आणि फोनवरचं ते बोलणं सांगितलं. दातांचं, कवळीचं, हसण्याचं. भाची म्हणाली, "मावशी, आई मलाही म्हणाली होती. मी लवंग चावायला सांगितलं." भाची छत्तीस वर्षांची होती. तिने पुढच्याच आठवड्यात रक्त तपासून घेतलं.

नवऱ्याने घड्याळाची भाषा सोडली. त्याला दुसरी येत नव्हती, म्हणून तो गप्पच राहायला लागला. एकदा मात्र सोनेरीबाईंनी दाराआडून ऐकलं. तो मास्तरणीला फोनवर विचारत होता, "कधीपासून उचलायला सांगायचं हिला? आणि किती? आणि मी जवळ उभा राहिलो तर चालेल का?"

आता उचलायचं नव्हतं ते सोनेरीबाईंनाच.

सगळे सांगत होते. डॉक्टर म्हणाला, हृदय बळकट करायचं तर आता जास्तच गरज आहे, आधी देखरेखीखाली चाला, मग हलकी वजनं. तो चालण्याचा भाग त्यांनी इस्पितळात पुरा केला. त्यात काही झालं नाही. पण जबड्यात काही हललं की, साधी जांभई आली तरी, हात तिथे जायचा. बहिणीचं वय जवळ येत होतं. पाच महिने. साडेचार. गणित अजून सुटत होतं. जाळीने नळी उघडली होती, गणित पुसलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात मुलीने त्यांना वर्गाच्या दाराशी सोडलं. आत बायका मोजत होत्या. बँकेतल्या बाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता, आणि ती नेहमीप्रमाणे आठनंतर थेट दहा म्हणाली. सोनेरीबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. पंधरा मिनिटं बसल्या. उठून परत जावं, मुलीला सांगावं आज वर्गच नव्हता, असं त्यांनी ठरवलंही.

मास्तरीण बाहेर आली. घाम पुसत शेजारी बसली.

"भीती वाटते," सोनेरीबाई म्हणाल्या.

"वाटणारच."

"कधी जाते ती?"

"माहीत नाही, मावशी. थापा मारता येत नाहीत मला." तिने खिशातून डॉक्टरचा कागद काढला, उलगडला. "पण ते काय म्हणतायत ते मी तीनदा वाचलंय. कुठे थांबायचं, तेही लिहिलंय. मला पण वाटते भीती. तुम्ही बोलला नसतात तर मी तुम्हाला त्या शनिवारी सहा किलो देणार होते."

सोनेरीबाईंनी तिच्याकडे बघितलं. ही पोरगी गेले सात आठवडे हे घेऊन हिंडत होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ दगडासारखी होती.

"आज किती?" त्यांनी विचारलं.

"एक किलो."

"एवढंसंच?"

"एवढंसंच. आणि नाडी मी धरणार."

सोनेरीबाई बाकावरून उठल्या. पाय घट्ट होते. बाकीचं माहीत नव्हतं. त्या आत गेल्या.